विडी-सिगारेटचा धूर आणि फुफ्फुसाचा कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यवाहांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. या विषयांना श्रोते पुष्कळ लाभतात आणि व्याख्यानानंतर फुकट सल्लाही विचारता येतो. परंतु या व्यासपीठावरून यापूर्वी तीन वेळा बोलण्याचा मान मिळूनही एक विषय मी जाणूनबुजून टाळीत आलो, आणि आता वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर तो आणखी टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. टाळण्याचे कारणही ओघात सांगेन.

आमच्या लहानपणी आपल्या ज्ञातीतील लग्नकार्यात जेवणाची पंगत उठली की तबक फिरत असे, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तबकात विड्याची पाने, सुपारी, लवंगा, वेलदोडे, आणि त्यांच्याच शेजारी काचेच्या पेल्यात उभ्या करून ठेवलेल्या सिगारेटी. वाजंत्रीवाल्यांसाठी आणि आचाऱ्यांसाठी विड्यांची बंडले निराळी. तबक फिरवण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. व्याह्यांपुढे तबक पोचायला उशीर झाला म्हणून झालेला रुसवा मी स्वतः पाहिला आहे. ज्या वस्तूने पाहुण्यांचा मान ठेवायचा तीच वस्तू पाहुण्यांचा घात करीत असेल, अशी शंका त्या मांडवात कोणाच्याही मनाला शिवली नाही.

तंबाखू आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहे, अशी अनेकांची समजूत आहे. काही लोक तर चरकसंहितेतील धूमपानाचा दाखलाही देतात. परंतु तेथील धूमपान म्हणजे औषधी वनस्पतींच्या वर्तीचा धूर होय. त्याचा तंबाखूशी काडीइतकाही संबंध नाही. तंबाखू मूळची अमेरिका खंडातील, आणि ती पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. मौजेची गोष्ट अशी की, मोगल दरबारात ती आपल्या दक्षिणेतूनच गेली. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापुरास आला होता. त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली. हिचा उल्लेख आमच्या वैद्यकग्रंथांत नाही, असे सांगून दरबारच्या हकिमाने विरोध केला, तरी बादशहाने चार झुरके घेऊन पाहिलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस बंदी केली. ती किती पाळली गेली हे आपण जाणतोच.

आता मूळ विषयाकडे वळतो. फुफ्फुसाचा कर्करोग हा आज जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो दुर्मीळ होता. न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर या वैद्याने १९१२ मध्ये या रोगावर एक पुस्तक लिहिले, तेव्हा इतक्या विरळ रोगावर ग्रंथ कशाला लिहावा याचे समर्थन त्याला आरंभीच करावेसे वाटले. त्यानंतरचे आकडे पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली या रोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले आणि १९४७ साली ९,२८७. पंचवीस वर्षांत पंधरा पट! एखादा साथीचा रोग वाढावा तसा कर्करोग वाढत होता आणि कारण कोणास सांगता येत नव्हते. कोणी मोटारींच्या धुराकडे बोट दाखवी, कोणी पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंकडे, तर कोणी रस्त्यांवरील डांबराकडे. सिगारेट संशयितांच्या यादीत होती, पण पहिल्या क्रमांकावर नव्हती. कारण त्या काळी इंग्लंडमधील बहुसंख्य पुरुष ती ओढीत असत, आणि जे सर्वच करतात त्याचा संशय सहसा येत नाही.

शोधाचे काम रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांकडे आले. डॉल हे वैद्य, तर हिल हे संख्याशास्त्रज्ञ. हिल यांना तरुणपणी क्षय झाल्यामुळे वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा मनोदय सोडावा लागला होता. स्वतः डॉल यांचा संशय प्रथम डांबरावर होता, आणि ते सिगारेट ओढीत असत. त्यांनी लंडनमधील वीस रुग्णालयांतून फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण घेतले, आणि त्याच वयाचे पण अन्य रोगांचे तितकेच रुग्ण तुलनेसाठी घेतले. प्रत्येकाला त्याच्या सवयींविषयी एकच प्रश्नावली विचारली. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले केवळ दोन निघाले, तर तुलनेच्या ६४९ पुरुषांत सत्तावीस. आणि रोज जितक्या सिगारेटी अधिक, तितका रोगाचा संभव अधिक, अशी चढती पायरीही दिसून आली.

या निबंधातील एक बारकावा मला फार आवडतो. प्रश्न विचारणाऱ्या समाजसेविकांना रुग्णाचा रोग ठाऊक असे. तेव्हा कर्करोगाच्या रुग्णाला त्यांनी अधिक खोदून विचारले असेल, असा आक्षेप कोणी घेऊ शकला असता. पण काही रुग्णांचे निदान मागाहून बदलले. मुलाखतीच्या वेळी कर्करोग समजला गेला होता, प्रत्यक्षात तो नव्हता. या लोकांच्या सवयी तपासल्या तेव्हा त्या कर्करोग नसलेल्यांसारख्याच निघाल्या. आक्षेपाला याहून चोख उत्तर कोणते असणार? निबंध सप्टेंबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. डॉल यांनी काम चालू असतानाच सिगारेट सोडली होती. तेव्हा ते सदतिसाव्या वर्षांत होते, आणि पुढे २००५ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले.

त्याच वर्षी, काही महिने अगोदर, अमेरिकेत अर्न्स्ट विंडर हा तरुण विद्यार्थी आणि त्याचे गुरू एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी ६८४ रुग्णांवरून तोच निष्कर्ष काढला होता. ग्रॅहम हे मोठे शस्त्रवैद्य. कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुफ्फुस काढण्याची यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीच १९३३ मध्ये प्रथम केली होती. तो रुग्णही एक वैद्यच होता. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेटी ओढीत. सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या पाठीवर लावून त्यांनी कर्करोग उत्पन्न झालेला पाहिला आणि मग सिगारेट सोडली. परंतु उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते त्याच रोगाने गेले. ज्या रुग्णाचे फुफ्फुस त्यांनी काढले होते, तो त्यांच्या मागे आणखी काही वर्षे जगला.

आता आपल्यापैकी काही चिकित्सक मंडळी म्हणतील की, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण कशी ठरते? हा आक्षेप क्षुल्लक नाही. तो रोनाल्ड फिशर यांनी घेतला होता, आणि आधुनिक संख्याशास्त्रात त्यांच्याएवढे नाव विरळा. आपल्या देशाशी, विशेषतः कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांचे म्हणणे असे की, ज्याच्या रक्तातच कर्करोगाची प्रवृत्ती आहे त्याच्याच रक्तात धूम्रपानाची आवडही असेल, म्हणून बिचाऱ्या तंबाखूला दोष का द्यावा? फिशर स्वतः चिलीम ओढीत, आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही झाले होते, हे येथे नोंदवून ठेवतो. पण त्यांना उत्तर मिळाले ते टीकेने नव्हे, तर चिकाटीने. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधील सुमारे साठ हजार डॉक्टरांना पत्रे धाडून त्यांच्या सवयी विचारल्या. सुमारे चाळीस हजारांनी उत्तरे दिली. मग पुढील पन्नास वर्षे त्या उत्तरदात्यांमधील पुरुष डॉक्टर कोण, केव्हा, कशाने मेले याची नोंद ठेवण्यात आली. २००४ मध्ये शेवटचा हिशेब प्रसिद्ध झाला. सतत धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे लवकर मेले. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडले त्यांना तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ दहाच्या दहा. रक्तातील प्रवृत्ती सिगारेट सोडल्याने बदलत नाही. धोका मात्र सोडल्याने घटतो. मग कारण प्रवृत्ती की धूर?

धूर आत काय करतो ते थोडक्यात सांगतो. आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांची लव असते. ती अहोरात्र हलत राहून धूळ व कफ वर ढकलते. धुराने ती प्रथम बधिर होते, मग झडते. धुरात कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली साठ-सत्तर द्रव्ये आहेत. ती मग तेथेच साचून पेशींच्या बीजद्रव्यात बिघाड करीत राहतात. पेशी बरेच बिघाड दुरुस्त करते, पण सगळे नाही. म्हणूनच पहिला झुरका आणि रोग यांत वीस, तीस, चाळीस वर्षे जातात, आणि ‘मला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्याचे म्हणणे त्या दिवसापुरते खरेही असते. निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य. झुरका घेतल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते. फिल्टरच्या किंवा ‘लाइट’ म्हणवणाऱ्या सिगारेटीने धोका टळत नाही. ओढणारा नकळत झुरका अधिक खोल घेतो.

हे सर्व सिगारेटचे झाले. आपल्या देशात विडी अधिक ओढली जाते. विडीत तंबाखू सिगारेटच्या पाव हिश्श्याइतकी, वर टेंभुर्णीचे पान, म्हणजे निसर्गाची वस्तू, म्हणून ती सौम्य, असे मी शेकडो रुग्णांच्या तोंडून ऐकले आहे. हा निव्वळ भ्रम होय. टेंभुर्णीचे पान हवा आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून घाईघाईने झुरके घ्यावे लागतात, आणि तंबाखू थोडी असूनही डांबर आणि निकोटीन सिगारेटहून कमी जात नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, स्त्रियांचे आठ वर्षांनी, आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी घटते असे आढळले. यांतील सर्वच कर्करोगाने जात नाहीत. हृदयविकार, दमा आणि क्षय हेही धुराचेच सोबती आहेत.

भगिनींनी आपला यात काय संबंध असे म्हणू नये. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची पाहणी करून १९८१ मध्ये दाखवून दिले की, पती ओढणारा असेल तर पत्नीलाही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बंद खोलीतील चुलीचा धूरही निर्दोष नाही, आणि कधीही न ओढणाऱ्यांना हा रोग होतच नाही असेही नव्हे. शिवाय मशेरी आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरांत चारांहून कमी, पण मशेरी, खैनी, गुटखा अशा धूरविरहित रूपांत तंबाखू घेणारे चोवीस होते. त्याचे फळ फुफ्फुसात नव्हे तर तोंडात दिसते. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता मी हा विषय का टाळला ते सांगतो.

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, या सभागृहाच्या पायाभरणीपासून मंडळाचे काम करीत होते. जुन्या मंडळींना ते नावाने आठवतील. रोज दोन बंडले विडी हा त्यांचा नेम. मीही वसतिगृहात लागलेली सिगारेट वैद्य झाल्यावर ओढीतच होतो. रात्री गच्चीवर बसून आम्ही दोघे मंडळाचे हिशेब पाहत असू. १९८८ च्या पावसाळ्यात दादांना खोकला लागला. छातीचा फोटो काढला, उजव्या बाजूस वर डाग होता. थुंकी तपासली, त्यात क्षयाचे जंतू नव्हते. तरीही मी क्षयाचेच औषध सुरू केले. आपल्या देशात तशा डागाचा अर्थ बहुधा क्षयच असतो, हे माझे समर्थन. पहिल्या महिन्यात त्यांना थोडे बरे वाटले, आणि मी निश्चिंत झालो. पाचव्या महिन्यात आवाज बसला. तेव्हा मी त्यांना मुंबईस नेले. नळी घालून तुकडा काढला, तपासला, आणि निदान झाले. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. पुढे आठ महिन्यांनी दादा गेले.

ते पाच महिने माझे आहेत. आणखी कोणाच्या नावावर ते लिहिता येत नाहीत. लवकर निदान झाले असते तर दादा वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. पण संधी होती, आणि ती औषधाच्या गोळ्यांत गेली. तेराव्या दिवसानंतर वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावजी, तुम्ही दोघे वर ओढीत बसायचात तेव्हा खालून चहा मीच पाठवीत होते.” त्यांनी मला दोष दिला नाही. मी सिगारेट सोडली, पण एका झटक्यात नव्हे. दोनदा सोडून पुन्हा धरली, तिसऱ्या वेळी सुटली.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. मी ज्या विद्यार्थी साहाय्य निधीतून शिकलो त्या निधीचे प्रमुख देणगीदार विडी-तंबाखूचे घाऊक व्यापारी होते. १९७० नंतरच्या आमच्या अनेक स्मरणिकांच्या मलपृष्ठावर विडीची जाहिरात असे, आणि एका अंकात तिच्या आतल्या बाजूस ‘निरोगी दीर्घायुष्य’ या शीर्षकाचा माझाच लेख होता. त्यात तंबाखूचा एक शब्द नव्हता. कोणी मला तसे सांगितले नव्हते, मीच तो लिहिला नाही. २००३ च्या कायद्याने पुढे अशा जाहिराती बंद झाल्या. त्या देणगीदारांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही, त्यांना तरी त्या काळी हे कोठे उमगले होते? पण मला उमगले होते. सिन्नर, सोलापूर, निपाणी या भागांतील हजारो कुटुंबांची चूल विडीवर पेटते, विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हाताला दुसरे काम मिळाल्याशिवाय नुसता उपदेश हा क्रूरपणा ठरेल, हेही मी जाणतो. त्यासाठी सत्य झाकून ठेवण्याचे कारण मात्र नाही.

उपाय कोणते, ते सांगतो. ज्यांनी सुरुवात केली नाही त्यांनी करू नये. कार्यालयाच्या मुदपाकखान्यामागे लग्नाच्या दिवशी जमणारा तरुणांचा घोळका सर्वांना ठाऊक आहे. त्यांना दरडावण्यापेक्षा घरातील वडिलांनी स्वतःची विडी प्रथम विझवावी. जे ओढतात त्यांनी एक दिवस ठरवावा, घरच्यांना सांगावे, आणि त्या दिवशी एकदम सोडावे. ‘उद्यापासून एक कमी’ या मार्गाने गेलेले फारच थोडे पैलतीरास पोचलेले मी पाहिले आहेत. पहिले तीन-चार दिवस कठीण, पुढील तीन-चार आठवडे चिडचिडीचे. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे. निकोटीनची चघळण्याची गोळी आणि चिकटपट्टी मिळते, तशीच गुणकारी औषधेही आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारतर्फे विनामूल्य मार्गदर्शन होते. पुन्हा धरली गेली तर लाजू नये, पुन्हा सोडावी.

आणि ज्यांनी बरीच वर्षे ओढली आहे त्यांच्यासाठी, दादांच्या आठवणीने सांगतो. तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीत रक्ताचा धागा, बसलेला आवाज, खांद्यात सततची कळ, विनाकारण उतरलेले वजन, यांपैकी काहीही असेल तर फोटो काढावा. क्षयाचे औषध सुरू होणार असेल तर थुंकीत जंतू सापडले काय, हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. सापडले नसतील, किंवा औषधाने दोन महिन्यांत डाग कमी होत नसेल, तर छातीचे सी. टी. स्कॅन आणि तुकड्याची तपासणी यांचा आग्रह धरावा. रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रिया होऊ शकते. अनेक वर्षे भरपूर ओढलेल्या पंचावन्न वर्षांपुढील लोकांची अल्पमात्रेच्या सी. टी. स्कॅनने दरवर्षी तपासणी केल्यास या रोगाचे मृत्यू पाचांत एकाने घटतात, असे अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात २०११ मध्ये दिसले. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण पुष्कळांच्या छातीत असल्याने खोटे इशारे अधिक मिळतात, तेव्हा ती तपासणी तज्ज्ञाला विचारूनच करावी.

कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘व्यसन’ असा रकाना असतो, आणि तेथे झाडून सारे ‘नाही’ असे लिहितात. तेथे ‘होते, सोडले’ असे लिहिणाऱ्या मुलाकडे मुलींच्या पालकांनी अधिक विश्वासाने पाहावे. दुसरी सूचना खर्चाची आहे. विद्यार्थी साहाय्य निधीच्या व्याजातून दरवर्षी काही रक्कम बाजूस काढून, गरजू ज्ञातिबांधवांना तपासणीसाठी मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च मंडळाने द्यावा. निधीचा उगम ध्यानात घेता हा विनियोग अयोग्य होणार नाही असे मला वाटते. पहिली रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या हाती देत आहे. माझ्या शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीची ती परतफेड समजावी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात बसेन. ज्यांना सोडावयाची आहे त्यांनी यावे. ज्यांना खोकला आहे त्यांनी जुने फोटो आणि थुंकीचे अहवाल जपून ठेवले असतील तर तेही बरोबर आणावेत.